नागपूरची कुटुंबं : माग, गिरणी, प्लॉट आणि चूल

जनगणनेतलं ‘कुटुंब’ नात्यावर ठरत नाही, चुलीवर ठरतं. एका स्वयंपाकघरातून जेवणारी, एरवी सोबत राहणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. मग ती एकमेकांची कुणी लागत असोत वा नसोत. १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाच्या जनगणनेचे आकडे आले, की नागपुरात एकत्र कुटुंबं संपली अशी हळहळ पुन्हा ऐकू येईल. ती हळहळ मला पटत नाही. या शहरात घराचा आकार संस्कारांपेक्षा कामधंद्याने आणि जागेने अधिक ठरवला आहे.

भोसल्यांच्या काळात शहरातल्या महाल या भागातल्या वाड्यांत नातलग, आश्रित, नोकरचाकर एकत्र नांदत. पण शहराचा मोठा भाग वाड्यांबाहेर होता. कोष्टी, म्हणजे विणकरांच्या वस्त्यांमध्ये घर हाच कारखाना. खड्डामागावर, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून चालवायच्या मागावर, पुरुष बसायचा, बायका आणि मुलं सुताच्या कांड्या भरायची, म्हातारी माणसं सूत उकलायची, ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लागली की घरातले सगळे हात कामाला. कापड विकून आलेला पैसा घराचा, कुणा एकाचा नाही. अशा घरातून एक भाऊ वेगळा निघाला, तर माग चालवणारे हातच कमी होत. एकत्र राहण्याला मायेचा आधार होताच, पण त्यामागे धंद्याची गरजही होती.

१ जानेवारी १८७७ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि ही घडी बदलू लागली. गिरणी मजुरी देते ती माणसाला, घराला नाही. बायकांनाही तिथे काम मिळालं. ज्याच्या हाती स्वतःचा पगार, त्याला स्वतःची खोली करता येऊ लागली. दुसरीकडे, कामाच्या शोधात खेड्यातून आलेला भाचा किंवा मेहुणा त्याच खोलीत येऊन राही. वरून छोटी दिसणारी घरं आतून भरलेली असत. २००२मध्ये मिल बंद पडली तेव्हा या घरांचा आधारच गेला. भावाने भावाला पुन्हा घरात घ्यायचं, की मुलाने शहर सोडायचं, असे प्रश्न तेव्हा अनेक घरांपुढे उभे राहिले.

सरकारी नोकरदारांची गोष्ट वेगळी. १८६१पासून नागपूर मध्य प्रांताची राजधानी. कचेऱ्यांमुळे धंतोली, धरमपेठेसारख्या भागांत पगारदारांचे संसार वसले. शेती आणि म्हातारे आईवडील गावी राहिले. १ नोव्हेंबर १९५६ला राजधानी गेली, आणि तिच्यामागे कर्मचारीही भोपाळला, मुंबईला गेले. एका राज्य पुनर्रचनेने एकेका घराचे दोन-तीन तुकडे केले. याची नोंद कौटुंबिक इतिहासात फार कमी वेळा होते, ही मला खरी उणीव वाटते.

मग प्लॉट आला. शहराच्या विकासाचं काम पाहणारी नागपूर सुधार प्रन्यास १९३६ची, महापालिका १९५१ची. शहर पसरलं ते ले-आऊटमधून. त्यातले कितीतरी अनधिकृत, जे पुढे आपल्या संख्येवरून ‘५७२’ आणि ‘१९००’ ले-आऊट म्हणून ओळखले गेले. प्लॉट वडिलांच्या नावावर, खाली थोरला, वर धाकटा, जिना बाहेरून. सणाला एकच पंगत, नातवंडं दिवसभर आजीकडे. पण चुली दोन आणि रेशनकार्डंही दोन. जनगणनेत ही दोन कुटुंबं. मोजणी चुकत नाही. ती चूल मोजते आणि आपण तिच्यातून नातं वाचतो.

याच नियमाची दुसरी टोकं आणखी बोलकी आहेत. भाड्याच्या एका खोलीत राहणारे चार विद्यार्थी एकत्र रांधून खात असतील, तर ते एक कुटुंब. चौघांचे चार डबे येत असतील, तर चार. वसतिगृहं, आश्रम, कारागृह यांची नोंद संस्थात्मक कुटुंब म्हणून वेगळी होते. आणि मुलं पुण्या-बंगळुरूला गेल्यावर मागे उरलेलं म्हातारं जोडपं, जे रोज सकाळी मुलांशी व्हिडिओ कॉलवर बोलतं, ते दोन माणसांचं कुटुंब ठरतं.

जनगणनेत घरांची नोंद करणाऱ्या घरयादीत मात्र एक रकाना असतो : या कुटुंबात विवाहित जोडपी किती? एका चुलीवर दोन किंवा अधिक जोडपी कुठे आहेत, हे त्यातून कळतं. त्याच यादीत राहत्या खोल्यांची संख्याही असते. महापालिकेने हे दोन रकाने शेजारी ठेवून झोनवार वाचले, तर एका खोलीत दोन संसार कुठे चाललेत ते दिसेल, आणि घरकुलाची गरज कुठे आहे तेही.