मंगळाच्या विषाणूला कशाला घाबरता, जिवाणूचं बोला

नासाच्या पर्सिव्हिअरन्स गाडीने मंगळावरच्या जेझेरो विवरात दगडमातीचे नमुने नळ्यांत भरून ठेवले आहेत. ते पृथ्वीवर आणायचा खर्च ११ अब्ज डॉलरपर्यंत जाईल असा अंदाज आला आणि मोहीम रखडली. चीनची तिआनवेन-३ मोहीम २०२८च्या सुमारास निघायची आहे, तीही नमुने आणायलाच. अशी बातमी आली की टीव्हीवर लाल गोळा फिरू लागतो आणि व्हॉट्सअॅपवर 'आता मंगळावरचा कोरोना' सुरू होतो. भीती अगदीच बिनबुडाची नाही. फक्त ती चुकीच्या जीवावर ढकलली जाते.

विषाणू हा फार परावलंबी प्राणी. त्याला आधी आपल्या पेशीला चिकटावं लागतं, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. बर्ड फ्लूचा विषाणू पेशीवरच्या सायलिक आम्ल नावाच्या शर्करेला धरतो. कोंबडीच्या पेशीत ही शर्करा शेजारच्या शर्करेच्या तिसऱ्या कार्बनला जोडलेली असते, माणसाच्या नाकाघशात मुख्यतः सहाव्या. फरक एवढाच. २००६ साली नवापुरात लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, पण माणसांत साथ पसरली नाही, त्याचं एक मोठं कारण हा जोड. बरं, आत शिरला तरी विषाणूकडे स्वतःची प्रथिनं बनवायची सोय नसते. त्याचा आरएनए, म्हणजे प्रथिनाची कृती लिहिलेली साखळी, आपल्या पेशीतल्या रायबोसोमने (प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राने) तीन-तीन अक्षरं घेऊन वाचावा लागतो. दुसऱ्या ग्रहावर स्वतंत्रपणे जन्मलेल्या जीवाची लिपी, अक्षरं आणि रायबोसोम आपल्यासारखेच निघतील याची शक्यता जवळपास शून्य. तंबाखूच्या पानांवर पडणारा विषाणू आपलीच लिपी वापरतो, तरी तो माणसाला लागत नाही. मग मंगळाचा काय लागणार!

इथपर्यंत आलं की बरेच जण सुटकेचा निःश्वास टाकतात: 'ते इतके वेगळे, आपल्याला काय करणार?' हा युक्तिवाद विषाणूपुरता बरोबर आहे. जिवाणू आणि बुरशीला तो लागू पडत नाही.

२०२१च्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस, म्हणजे 'काळी बुरशी', पाहिला. ही बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात सुखाने जगते. तिला माणसाची गरज नाही. रक्तातली साखर वाढलेली, स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेली, असं शरीर सापडलं आणि ती तिथे वाढली, एवढंच. ज्याला स्वतःचं खाणं-वाढणं स्वतः जमतं, त्याला आपल्या पेशीची परवानगी लागत नाही.

आणि आता माझ्या आवडीचा भाग. प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात त्यांचे (ग्लायसीन सोडून) दोन अवतार असतात, डाव्या आणि उजव्या पायाच्या चपलांसारखे. पृथ्वीवरची जीवसृष्टी प्रथिनांसाठी डावाच अवतार वापरते. दुसऱ्या ग्रहावर उजवा का नसावा? समजा, तसा जिवाणू जखमेत शिरला. आपल्या पेशींवरचे टोल-लाइक ग्राहक जिवाणूच्या शेपटीचं फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखून धोक्याची सूचना देतात. उलट्या घडणीचं फ्लॅजेलिन त्यांत बसणारच नाही. पुढची पायरी अशी, की पांढरी पेशी शत्रूचं प्रथिन प्रोटिएझ नावाच्या प्रथिनं तोडणाऱ्या विकरांनी चिरते, त्यातला छोटा तुकडा आपल्या पृष्ठभागावरच्या एमएचसी रेणूवर ठेवून टी-पेशींना (प्रतिकारशक्तीच्या सैनिकांना) दाखवते, आणि मग पुढची फौज उठते. उलट्या प्रथिनाला आपलं प्रोटिएझ चिरूच शकत नाही. तुकडे नाहीत, म्हणून प्रदर्शन नाही, म्हणून टी-पेशी गाफील. म्हणजे वेगळेपणामुळे विषाणू निष्प्रभ ठरतो, आणि त्याच वेगळेपणामुळे जिवाणू अदृश्य होऊ शकतो. त्याला आपलं ग्लुकोज पचणार नाही हे खरं. पण ग्लिसरॉल आणि ॲसिटेटला डावं-उजवं नसतं. तेवढ्यावर त्याचं भागू शकतं. डिसेंबर २०२४मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' नियतकालिकातून असे आरशातले जिवाणू प्रयोगशाळेत बनवू नका असा इशारा दिला, तो याच कारणांसाठी.

मंगळावर असं काही आहे याचा पुरावा नाही. शिवाय मंगळाचे दगड इथे आपले आपण येत असतात. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधल्या शेरघाटीला सुमारे पाच किलोचा एक पडला, त्यावरून अशा उल्कांच्या अख्ख्या गटाला 'शेरगोटाइट' म्हणतात. साक्षात मंगळ गावात येऊन पडला, आणि आपण अजून मुलीच्या पत्रिकेत त्याला शोधतोय! मात्र उल्का लाखो वर्षं अंतराळात भाजून निघते. सीलबंद नळी काही महिन्यांत येईल, म्हणून उल्केचा दाखला तिला पुरत नाही.

व्यवहारात ही खबरदारी कशी घेतात? चंद्रावरून परतलेल्या अपोलो-११चा अनुभव करमणूक करणारा आहे. यान अंतराळवीरांसकट उचलून थेट विलगीकरणात नेणं धोक्याचं वाटलं, म्हणून २४ जुलै १९६९ रोजी पॅसिफिकमध्येच दार उघडून आत बंदिस्त पोशाख दिले गेले. चंद्रावरचं जे काही असेल ते त्या क्षणी समुद्रावर मोकळं झालं. नंतर आयोडीनने पुसापुशी. मग एका बंद ट्रेलरमध्ये मुक्काम, खिडकीबाहेरून अध्यक्ष निक्सन यांच्या गप्पा. त्या बंद ठिकाणी मुंग्या फिरताना पाहिल्याचं अंतराळवीर ऑल्ड्रिन यांनी पुढे हसत सांगितलं. ह्यूस्टनमध्ये झुरळांना, उंदरांना आणि जपानी लाव्यांना चांद्रधूळ देऊन पाहिली. सगळे ठणठणीत. १९७१मध्ये अपोलो-१४नंतर विलगीकरण बंदच झालं.

मंगळाच्या वेळी एवढ्यावर भागणार नाही. पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) आहे तशा बीएसएल-४, म्हणजे सर्वात धोकादायक जंतूंसाठीच्या, प्रयोगशाळेत हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट पडली तरी हवा आत येते, जंतू बाहेर जात नाहीत. स्वच्छ कक्षात नेमकं उलटं: दाब जास्त, म्हणजे बाहेरची घाण आत येत नाही. मंगळाच्या नमुन्याला दोन्ही हवं. नाहीतर आपलेच जंतू नळीत शिरायचे आणि 'मंगळावर जीव सापडला' अशी बातमी व्हायची. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही. अपोलो-१२ने चंद्रावर आधी उतरलेल्या सर्व्हेअर-३ यानाचा कॅमेरा परत आणला, तेव्हा त्यात स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू सापडला आणि चंद्रावर तो अडीच वर्षं तगल्याचं जाहीर झालं. नंतरच्या अभ्यासकांच्या मते तो बहुधा पृथ्वीवर कॅमेरा हाताळतानाच लागला होता. म्हणून जास्त दाबाचा कक्ष कमी दाबाच्या कक्षात बसवायची दुहेरी भिंतींची इमारत लागेल. ती बांधून, तपासून, माणसं तयार करायला काही वर्षं जातात, आणि कामाला सुरुवात नळ्या निघायच्या आधी व्हायला हवी.