डिझेलची टाकी, हौद आणि काळी माती

विदर्भात जिनिंगच्या आवारात, गिट्टी खदानीवर किंवा रस्त्याच्या कंत्राटदाराच्या कॅम्पवर लोखंडी स्टँडवर चढवलेली हजार लिटरची डिझेलची टाकी हमखास दिसते. डिझेल 'ब' वर्गातील पेट्रोलियममध्ये मोडते. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमानुसार, एका जागी त्याचा एकूण साठा २५०० लिटरच्या आत असेल आणि कोणतेही भांडे १००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर परवाना लागत नाही. परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे. पण परवानाच नसल्याने या टाकीच्या वाट्याला परवान्याची तपासणीही येत नाही आणि टाकी गळली तर डिझेल कुठे जाईल, याचा विचार मालकालाच करावा लागतो.

त्यासाठी टाकीभोवती न पाझरणारा हौद बांधतात, किंवा दुहेरी भिंतीची टाकी घेतात. इंग्लंडमध्ये २००१ च्या नियमांनुसार हौदात टाकीच्या ११० टक्के द्रव मावावा लागतो. अमेरिकेत सर्वांत मोठ्या टाकीतील सगळे तेल आणि वर पावसासाठी जागा, असा हिशेब धरतात. आपल्याकडे दुसरा हिशेब अधिक उपयोगाचा आहे. ३ मीटर बाय २ मीटरच्या हौदात हजार लिटर डिझेल सुमारे १७ सेंटिमीटर चढते; त्याच दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला तर आणखी १० सेंटिमीटर पाणी साचते. म्हणजे फूटभर उंचीची भिंत कागदावर पुरेशी ठरते.

कागदावर अशासाठी, की टाकी स्टँडवर असते. बूड जमिनीपासून १ मीटरवर आणि डिझेलची पातळी २ मीटरवर असेल, तर बुडालगतच्या भोकातून निघालेली आडवी धार, भोकावरच्या द्रवाच्या उंचीवरून धारेचा वेग सांगणाऱ्या टॉरिचेलीच्या सूत्राप्रमाणे, जवळपास २ मीटर लांब जाऊन पडू शकते. घर्षणामुळे ती प्रत्यक्षात काहीशी कमी भरेल, तरी फूटभर भिंत सहज ओलांडेल आणि पातळी उतरून धार आखूड होईपर्यंत डिझेल हौदाबाहेरच पडत राहील. टाकी खाली उतरवून डिझेल वरून हातपंपाने काढावे, हे माझ्या मते भिंत वाढवण्यापेक्षा स्वस्त आणि शहाणपणाचे आहे. तळाची तोटी उघडी राहण्याची भीतीही त्यामुळे उरत नाही.

खरी अडचण मात्र भिंतीची नाही, तळाची आहे. आपली काळी माती ओली असताना फुगते, तेव्हा तिच्यातून पाणीसुद्धा जेमतेम झिरपते. म्हणून मातीचा बांध घातला की काम झाले असे वाटते. मे महिन्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सांडलेले डिझेल त्या वाटेने थेट खालच्या मुरमात उतरते. तिथून बेसाल्ट खडकाच्या सांध्यांतून ते कोणत्या विहिरीत निघेल, हे वरून सांगता येत नाही. पाण्यापेक्षा हलके असल्याने ते भूजलावर तरंगते. उन्हाळ्यात पाणी खोल गेले की त्यासोबत खाली जाते, पावसाळ्यात वर येते आणि मधला सगळा थर तेलकट करून ठेवते. सिमेंटचा हौदही काळ्या मातीवर थेट बांधला, तर तिच्या फुगण्या-आकसण्याने भिंत आणि तळ यांच्या सांध्यात चीर जाते. केसाएवढ्या चिरेतूनही डिझेल पाझरते. म्हणून काळी माती काढून, मुरूम भरून, चांगला ठोकून त्यावर सळई घातलेला तळ ओतावा, आणि दर उन्हाळ्यात हौद झाडून तो सांधा नीट पाहावा.

पावसाने भरलेल्या हौदात गळतीसाठी जागा उरत नाही, म्हणून पाणी वेळच्या वेळी काढावेच लागते. इंग्लंडच्या नियमांत भिंतीला निचऱ्याचे भोक ठेवण्यास मनाई आहे. अमेरिकेत व्हॉल्व्ह चालतो, पण तो एरवी बंदच ठेवावा लागतो. आपल्याकडे उघडा राहिलेला व्हॉल्व्ह कोणी पाहणार नाही, हे गृहीत धरून भोक न ठेवणेच बरे. पाणी उपसण्याआधी त्यावर इंद्रधनुषी तवंग आहे का ते पाहावे. असल्यास तो आधी भुशाने टिपून घ्यावा आणि तो भुसा नाल्यात किंवा उकिरड्यावर न टाकता झाकणाच्या पिंपात, आगीपासून दूर ठेवावा.