ध्येयनिष्ठ उद्योजकता

नफ्यापलीकडचे एखादे ध्येय समोर ठेवून कंपनी उभारणे आणि ते ध्येय भरती, पगार, उत्पादन, मालकी अशा सर्व व्यवहारांत उतरवणे, याला ध्येयनिष्ठ उद्योजकता म्हणतात. अशी कंपनी धर्मादाय संस्था नसते. तिला बाजारात माल विकावा लागतो, स्पर्धेत टिकावे लागते आणि तोटा सोसवेनासा झाला तर ती बंदही पडते. मिळालेल्या नफ्यातला काही भाग शाळा-दवाखान्यांना देणे, म्हणजे ज्याला सामाजिक उत्तरदायित्व म्हणतात, तेही यापासून वेगळे आहे. दानशूर कंपनीचा पैसा कुठे गेला ते पाहिले जाते. ध्येयनिष्ठ कंपनीचा पैसा आला कसा, हे पाहावे लागते.

या उद्योजकतेत ध्येय आणि कार्यसंस्कृती ही दोन अंगे एकमेकांत गुंतलेली असतात. कंपनी कशासाठी आहे, याचे उत्तर म्हणजे ध्येय. कार्यसंस्कृती म्हणजे तिथल्या माणसांना न सांगता कळलेले नियम : चूक झाली तर वरिष्ठांना सांगायची की लपवायची, ग्राहक अडला तर नियमावली उघडायची की त्याची अडचण सोडवायची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडगर शाईन यांनी संस्थेच्या संस्कृतीचे तीन थर मानले. वर दिसतात त्या इमारत, पेहराव, समारंभ अशा गोष्टी. त्याखाली जाहीर केलेली मूल्ये. आणि तळाशी, ज्यांविषयी कोणाला शंकाच येत नाही अशी गृहीतके. हा तळाचा थर बहुधा संस्थापकाकडून येतो. तो रोज काय तपासतो, संकटात कसा वागतो, बढती कोणाला देतो आणि काढून कोणाला टाकतो, हे पाहून माणसे शिकतात. भिंतीवरच्या पाटीने ते काम होत नाही. एन्रॉन या अमेरिकन ऊर्जा कंपनीच्या जाहीर मूल्यांत आदर आणि सचोटी हे दोन्ही शब्द होते. हिशेबांतील प्रचंड लबाडी उघडकीस येऊन डिसेंबर २००१ मध्ये ती दिवाळखोरीत गेली.

पूर्वपीठिका

ही कल्पना नवी असल्यासारखी मांडली जाते, पण तिचे वय औद्योगिक क्रांतीइतकेच आहे. वेल्समध्ये जन्मलेले रॉबर्ट ओएन यांनी १८०० मध्ये स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील सूतगिरण्यांची व्यवस्था हाती घेतली. दहा वर्षांखालील मुलांना कामावर घेणे त्यांनी बंद केले, मुलांसाठी शाळा काढली, कामाचे तास कमी केले. कामगार मात्र सुरुवातीला त्यांच्याकडे संशयानेच पाहत होते. मग अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे कापूस मिळेनासा झाला आणि गिरण्या चार महिने बंद ठेवाव्या लागल्या. ओएन यांनी त्या काळात माणसांना यंत्रे साफसूफ ठेवण्याचे काम दिले आणि पगार पूर्ण दिला. त्यांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार कामगारांचा विश्वास बसला तो या चार महिन्यांत. भागीदार या खर्चावर कुरकुरत राहिले, तेव्हा १८१३ मध्ये त्यांनी पाच टक्के परताव्यावर समाधान मानणारे नवे भागीदार मिळवले. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम त्यांपैकी एक होते. पुढे अमेरिकेत न्यू हार्मनी येथे त्यांनी १८२५ मध्ये वसवलेली आदर्श वसाहत दोन-तीन वर्षांतच मोडली. गिरणीत त्यांना यश आले, कारण तिथे सूत विकावे लागत होते आणि हिशेब जुळवावा लागत होता. वसाहतीला ती शिस्त नव्हती.

इंग्लंडमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथातील कॅडबरी बंधूंनी १८७९ मध्ये आपला चॉकलेटचा कारखाना शहराबाहेर नेला आणि बोर्नव्हिल हे बागांचे गाव वसले. भारतात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १८७७ मध्ये नागपूरला सुरू झाली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी आणि अपघात भरपाई तिथे कायद्याच्या कितीतरी आधी आली.

जपानमध्ये या विचाराला वेगळे वळण मिळाले. कोनोसुके मात्सुशिता यांनी १९१८ मध्ये विजेच्या साहित्याचा छोटा कारखाना काढला. १९२९ च्या मंदीत गोदामात माल साचला, तेव्हा त्यांनी उत्पादन निम्मे केले. पण कोणाला काढले नाही आणि पगारही कापला नाही. कामगारांनी उरलेल्या वेळात आणि सुटीच्या दिवशी बाहेर पडून साचलेला माल विकावा, एवढीच अट होती. काही महिन्यांत गोदाम रिकामे झाले. कंपनीचे ध्येय त्यांनी शब्दांत मांडले ते त्यानंतर, ५ मे १९३२ रोजी : गरजेच्या वस्तू नळाच्या पाण्यासारख्या मुबलक आणि स्वस्त करायच्या. आधी वागणूक आणि मग घोषणा, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे. आजकाल तो बहुतेक ठिकाणी उलटा झालेला दिसतो.

कझुओ इनामोरी

ध्येय घडते कसे, याचे सर्वांत बोलके उदाहरण क्योसेरा या सिरॅमिक कंपनीचे संस्थापक इनामोरी यांचे आहे. १९५९ मध्ये कंपनी काढली तेव्हा आपले तंत्रज्ञान जगाला दाखवून द्यावे, हीच त्यांची इच्छा होती. १९६१ मध्ये अकरा तरुण कर्मचाऱ्यांनी त्यांच्यापुढे मागणीपत्र ठेवले : पगारवाढीची आणि बोनसची हमी द्या, नाहीतर आम्ही सोडून जातो. नव्या कंपनीला अशी हमी देणे शक्य नव्हते. तीन दिवस, तीन रात्री बोलणी झाली. शेवटी ती मुले राहिली. पण या मुलांनी आपले आयुष्य आपल्या हाती दिले आहे आणि आपण मात्र स्वतःच्या संशोधनाची हौस भागवत आहोत, हे इनामोरींना बोचत राहिले. त्यातून त्यांनी कंपनीचा हेतूच बदलून टाकला : सर्व कर्मचाऱ्यांचे भौतिक आणि मानसिक सुख साधणे व त्याबरोबर मानवजातीच्या प्रगतीला हातभार लावणे.

हा हेतू नुसता कागदावर राहू नये म्हणून त्यांनी ‘अमिबा’ पद्धत आखली. कंपनीचे लहान लहान गट पाडायचे, प्रत्येकाने आपला जमाखर्च स्वतः पाहायचा आणि एका तासाच्या श्रमातून किती मूल्य निर्माण झाले ते मोजायचे. ध्येयाची भाषा बोलणाऱ्या माणसाने हिशेबाची इतकी बारीक पद्धत उभारावी, हे वरवर विसंगत वाटते. पण जमाखर्च सर्वांसमोर उघडा असेल तरच ‘कंपनी आपली आहे’ या म्हणण्याला अर्थ येतो, हे त्यांनी ओळखले होते.

जानेवारी २०१० मध्ये जपान एअरलाइन्स ही विमान कंपनी दिवाळखोरीत गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या इनामोरींनी पगार न घेता तिचे अध्यक्षपद स्वीकारले. विमान व्यवसायाचा त्यांना अनुभव नव्हता. व्यवस्थापकांना ते रोजच्या वागण्यातील साधी तत्त्वे शिकवू लागले तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी पुन्हा शेअर बाजारात आली. या यशकथेची दुसरी बाजूही नोंदवायला हवी : पुनर्रचनेत सुमारे सोळा हजार नोकऱ्या गेल्या आणि सरकारी मदतही मोठी होती. एकट्या तत्त्वज्ञानाने कंपनी वाचली, असे म्हणणे त्या सोळा हजार जणांवर अन्याय करणारे ठरेल.

ध्येय आणि कामाची घडण

ध्येय खरे असेल तर ते कामाची पद्धतच बदलते. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर १९७६ मध्ये मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती; त्याच हातांनी ते मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया करीत. टाळता येणारे अंधत्व नाहीसे करायचे, तर शस्त्रक्रिया प्रचंड संख्येने आणि अत्यल्प खर्चात व्हायला हव्यात. म्हणून एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असतानाच शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार ठेवायचा, तयारीची सारी कामे प्रशिक्षित सहायिकांनी करायची आणि शल्यचिकित्सकाने फक्त शस्त्रक्रिया करायची, अशी रचना तिथे घडली. डोळ्यात बसवायचे परदेशी भिंग महाग पडते म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब हा भिंगांचा कारखाना निघाला. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून मोफत रुग्णांचा खर्च भागतो. इथे ध्येय आणि व्यवसायाचे गणित वेगळे काढताच येत नाही.

साउथवेस्ट या अमेरिकन विमान कंपनीवर १९७२ मध्ये चारपैकी एक विमान विकण्याची वेळ आली. तीन विमानांत चार विमानांचे वेळापत्रक सांभाळायचे, तर उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडायला हवे होते. हुद्दा न पाहता सर्वांनी हात लावला आणि ते जमले. संस्थापकांपैकी एक, हर्ब केलहर, कर्मचारी पहिले, प्रवासी दुसरे आणि भागधारक तिसरे असे उघडपणे सांगत. कंपनीने १९७३ ते २०१९ अशी सलग ४७ वर्षे नफा मिळवला. स्पर्धकांना तिची विमाने आणि मार्ग यांची नक्कल करता आली, एकमेकांना सावरून घेण्याची सवय उचलता आली नाही. कार्यसंस्कृती हे भांडवल आहे असे म्हणतात ते या अर्थाने. पण तेही झिजते : केलहर यांच्या पश्चात, गुंतवणूकदारांच्या दबावाच्या काळात, २०२५ मध्ये या कंपनीने आपल्या इतिहासातील पहिली मोठी नोकरकपात केली.

कसोटीचे प्रसंग

ध्येयासाठी किंमत मोजायची वेळ येईपर्यंत ते खरे की दिखाऊ हे बाहेरच्याला कळणे अवघड असते. जॉन्सन अँड जॉन्सनने १९४३ मध्ये लिहिलेल्या जबाबदारीच्या जाहीरनाम्यात डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण यांना पहिले स्थान होते, भागधारकांना शेवटचे. १९८२ मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी कंपनीच्या टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये सायनाइड भरले आणि सात जण दगावले. कंपनीने देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च दहा कोटी डॉलरहून अधिक झाला. काही काळातच ग्राहक परतले. मात्र जाहीरनामा म्हणजे कायमचे कवच नव्हे : याच कंपनीवर पुढे टाल्क पावडरवरून हजारो दावे दाखल झाले.

१९७० च्या मंदीत ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने माणसे काढण्याऐवजी सर्वांचे, वरिष्ठांसह, काम आणि पगार दहा टक्क्यांनी कमी केले. गिर्यारोहण-भटकंतीचे कपडे बनवणाऱ्या पॅटागोनियाने १९९६ पासून सर्व सुती कपडे सेंद्रिय कापसाचे करायचे ठरवले, तेव्हा पुरवठा साखळी नव्याने उभी करावी लागली. पण याच पॅटागोनियाने १९९१ मध्ये अतिवाढीच्या फटक्यानंतर १२० जणांना कामावरून कमी केले होते. संस्थापक यीव्हॉन शुइनार्ड यांनी वाढीचा वेग आवरता घेतला तो त्या अनुभवानंतर.

मालकीचा प्रश्न

या उद्योजकतेचा सर्वांत दुबळा सांधा मालकी हा आहे. अमेरिकेत १९१९ च्या डॉज विरुद्ध फोर्ड खटल्यात मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने, कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी चालवली जाते, असे म्हटले. अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९७० मध्ये हेच मत ठासून मांडले : दुसऱ्याच्या पैशावर समाजकार्य करण्याचा अधिकार व्यवस्थापकाला नाही. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. म्हणूनच अनेक संस्थापकांनी पैसा नेमका कोणाचा, या प्रश्नालाच हात घातला.

ज्यांनी तो सोडवला नाही, त्यांचे काय झाले हे दिसते. अनिता रॉडिक यांनी १९७६ मध्ये इंग्लंडमधील ब्रायटनला काढलेली बॉडी शॉप ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी २००६ मध्ये त्याच व्यवसायातील बड्या लॉरिआलला विकली गेली, मग आणखी हात बदलत गेली. तिचा ब्रिटनमधील व्यवसाय २०२४ मध्ये दिवाळखोरीमुळे प्रशासकांच्या ताब्यात गेला. फ्रान्सच्या दानोन या खाद्यपदार्थांच्या कंपनीने २०२० मध्ये भागधारकांच्या जवळपास एकमुखी संमतीने ‘ध्येयधारी कंपनी’ हा नवा कायदेशीर दर्जा घेतला. पुढच्याच वर्षी त्या बदलाचे पुरस्कर्ते प्रमुख इमॅन्युएल फाबेर यांना पदावरून दूर करण्यात आले. फ्रान्सचा हा दर्जा २०१९ च्या कायद्याने आला. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१० मध्ये तशी तरतूद प्रथम केली. बी लॅब ही संस्था २००७ पासून समाज आणि पर्यावरणाविषयीचे निकष पाळणाऱ्या कंपन्यांना ‘बी कॉर्प’ प्रमाणपत्र देते. कायदा आणि प्रमाणपत्र संचालकांना ढाल देतात. मतदानाचा अधिकार मात्र भाग (शेअर) ज्याच्याकडे, त्याच्याचकडे राहतो.

दुसरा मार्ग हे भागच बाजाराबाहेर काढून ठेवण्याचा. टाटा सन्सचे सुमारे दोन-तृतीयांश भाग विश्वस्त निधींकडे आहेत. ब्रिटनमध्ये जॉन स्पेडन लुइस यांनी १९२९ पासून आपला दुकानांचा व्यवसाय टप्प्याटप्प्याने कर्मचाऱ्यांसाठीच्या न्यासाकडे सोपवला. शुइनार्ड कुटुंबाने सप्टेंबर २०२२ मध्ये मताधिकार असलेले दोन टक्के भाग एका न्यासाला आणि उरलेले ९८ टक्के पर्यावरणासाठी झटणाऱ्या संस्थेला दिले. कर्मचाऱ्यांची मालकी असली म्हणजे बाजार दया दाखवतो असे नाही : स्पेनमधील मोंद्रागोन सहकारी समूहाचा मूळ घरगुती उपकरणांचा उद्योग फागोर २०१३ मध्ये बुडाला.

आक्षेप

मालकाची कळकळ आणि मालकाची पाळत यांत अंतर थोडे असते. हेन्री फोर्ड यांनी १९१४ मध्ये रोजचे पाच डॉलर देऊ केले. आदल्या वर्षी नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३७० टक्के होते, म्हणजे शंभर जागांमागे वर्षात ३७० जण सोडून जात; ते झपाट्याने घटले. पण ते पैसे मिळण्यासाठी कामगाराचे घर, व्यसने, बचत तपासायला कंपनीचे निरीक्षक येत. रेल्वेचे डबे बनवणाऱ्या जॉर्ज पुलमन यांनी शिकागोजवळ कामगारांसाठी देखणे गाव बांधले. १८९३ च्या मंदीनंतर मजुरी कापली, घरभाडे तेवढेच ठेवले, आणि १८९४ चा ऐतिहासिक संप झाला. आजच्या कंपन्यांत ही पाळत घरापर्यंत येत नाही, पण ‘आपण एक कुटुंब आहोत’ असे म्हणत जादा तासांचे पैसे न देणे, ‘आपल्या संस्कृतीत बसत नाही’ असे म्हणत वेगळ्या घडणीच्या माणसाला बाहेर ठेवणे, हे त्याच जातीचे दोष आहेत. शिवाय ध्येयाचा शब्द गुंतवणूकदारांना भुलवण्यासाठीही वापरला जातो. कार्यालयीन जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने २०१९ च्या माहितीपत्रकात जगाची जाणीव उंचावणे हे आपले ध्येय म्हणून लिहिले होते. आतले आकडे पाहिल्यावर समभाग विक्री मागे घ्यावी लागली.

झाइस न्यास

या आक्षेपांना सर्वांत समर्पक उत्तर जर्मन भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांच्या रचनेत सापडते. त्यांचे वडील सूतगिरणीत रोज चौदा-सोळा तास राबत आणि यंत्राला टेकून उभ्यानेच जेवत. डबा घेऊन जाणाऱ्या मुलाने ते पाहिले होते. झाइस या प्रकाशीय उपकरणांच्या कंपनीचे मालक झाल्यावर त्यांनी १८८९ मध्ये न्यास स्थापन केला आणि आपली मालकी त्याला देऊन टाकली. न्यासाच्या १८९६ च्या नियमावलीत त्यांनी कामगाराच्या हक्कांना मालकाच्या मर्जीवर ठेवले नाही, लिखित आणि न्यायालयात दावा लावता येईल असे स्वरूप दिले. वरिष्ठांचा पगार सरासरी कामगाराच्या दहापटीपेक्षा वाढू नये, अशी मर्यादा घातली. १९०० मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला, आणि आठ तासांतले उत्पादन नऊ तासांतल्यापेक्षा किंचित जास्तच भरल्याचे त्यांनी मोजून दाखवले.

आबे १९०५ मध्ये वारले. १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याने कंपनीच्या प्रमुख शास्त्रज्ञांना येना या तिच्या मूळ गावाहून पश्चिमेला हलवले, पूर्वेकडील कारखाना १९४८ मध्ये सरकारजमा झाला, आणि कंपनीचे दोन देशांत दोन तुकडे झाले. जर्मनीच्या एकीकरणानंतर ते पुन्हा जोडले गेले. कार्ल झाइस आणि काच बनवणारी शॉट या दोन्ही मूळ कंपन्यांची संपूर्ण मालकी आजही त्या न्यासाकडे असून त्यांच्या लाभांशातून विज्ञान-संशोधनाला निधी दिला जातो.