सार्जंट जॉर्ज जॉर्डन : गुलामीतून सरहद्दीवरच्या फौजेत

जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, त्यामुळे त्या मुक्तीची वार्ता मराठी वाचकाला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. मुक्त झालेल्या माणसांनी पुढे पोट कसे भरले आणि मान कसा मिळवला, हे मात्र आपल्याकडे क्वचितच सांगितले गेले. त्या १८७३ सालीच जॉर्ज जॉर्डन नावाचा, गुलाम म्हणून जन्मलेला एक जवान टेक्सासच्या सरहद्दीवर नवव्या घोडदळ रेजिमेंटमध्ये नोकरी करत होता.

जॉर्डन यांचा जन्म १८४७ मध्ये टेनेसी राज्यातील विल्यमसन परगण्यात झाला. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली, पण मुक्त झालेल्यांच्या हाती ना जमीन आली ना भांडवल. दक्षिणेतील राज्यांनी त्यांना पुन्हा मळ्यांवर जखडून ठेवणारे कायदे केले. मे १८६६ मध्ये टेनेसीतल्याच मेम्फिस शहरात गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर हल्ला करून ४६ जणांना ठार केले, आणि त्या जमावाच्या रागाचे एक मुख्य लक्ष्य होते ते अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१-६५) लढून नुकतेच सैन्यातून मोकळे झालेले कृष्णवर्णीय सैनिक. कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या 'कू क्लक्स क्लॅन' या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेची स्थापनाही याच राज्यातल्या पुलास्की गावी झाली. अशा मुलखातल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने २५ डिसेंबर १८६६ रोजी नॅशव्हिल येथे फौजेत नाव नोंदवले, हे मला मुळीच नवलाचे वाटत नाही.

ही भरती शक्य झाली ती २८ जुलै १८६६ च्या कायद्यामुळे. यादवी युद्धात सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय सैनिक लढले होते, मात्र शांततेच्या काळातील खड्या फौजेत त्यांना प्रथमच कायमची जागा मिळाली. नववी आणि दहावी या घोडदळाच्या दोन व ३८ ते ४१ क्रमांकाच्या पायदळाच्या चार रेजिमेंट उभ्या राहिल्या. १८६९ मध्ये पायदळाच्या चारांच्या दोन करण्यात आल्या. साध्या जवानाला महिना १३ डॉलर पगार मिळे आणि तो गोऱ्या जवानाइतकाच असे. यादवी युद्धात या समान पगारासाठी कृष्णवर्णीय सैनिकांना १८६४ पर्यंत झगडावे लागले होते. अधिकारी मात्र जवळजवळ सगळे गोरेच. कायद्यातील एक तरतूद फार मोलाची होती : या रेजिमेंटना धर्मोपदेशक नेमून द्यायचे आणि त्यांनी जवानांना लिहायला-वाचायला शिकवायचे. दक्षिणेत गुलामांना अक्षरओळख करून देणे बहुतेक ठिकाणी गुन्हा होता. जॉर्डन यांनाही भरतीच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हते. फौजेत ते साक्षर झाले, आणि हजेरीपटापासून अहवालांपर्यंत लेखी कामे करावी लागणाऱ्या सार्जंटच्या हुद्द्याचा मार्ग त्यामुळेच मोकळा झाला. सुरुवातीला ते ३८व्या पायदळात होते. १८७० मध्ये ते नवव्या घोडदळाच्या 'के' तुकडीत आले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले.

ही फौज ज्यांच्याविरुद्ध लढली, त्यांची बाजू वगळून जॉर्डन यांची कहाणी सांगणे अन्यायाचे होईल. अपाची या मूलनिवासी जमातीचे नायक व्हिक्टोरियो यांचे लोक न्यू मेक्सिकोतील ओहो कालिएन्ते या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या परिसराला आपली भूमी मानत. सरकारने १८७२ मध्ये त्यांना तिथून तुलारोसा खोऱ्यात नेले, दोन वर्षांनी परत येऊ दिले आणि नंतर ॲरिझोनातील सॅन कार्लोसच्या रखरखीत वसाहतीत धाडले. तिथे राहायचे नाही, या निर्धाराने व्हिक्टोरियो यांनी १८७९ मध्ये युद्ध पुकारले. सर्वस्व हिरावल्या गेलेल्या एका समाजातून आलेले जवान अशा रीतीने सर्वस्व हिरावल्या गेलेल्या दुसऱ्या समाजासमोर बंदुका घेऊन उभे ठाकले. त्या जवानांचे शौर्य खरे होते आणि अपाचींवरचा अन्यायही खरा होता. यातले काहीही झाकून ठेवता येत नाही.

१३ मे १८८० रोजी जॉर्डन २५ जवानांची तुकडी घेऊन रसदेच्या गाड्यांबरोबर निघाले होते. दिवसभराच्या मजलीने सगळे थकून गेले असतानाच तुलारोसा वस्तीवर अपाची चालून येत असल्याची खबर आली. जॉर्डन यांनी थेट हुकूम सोडला नाही. त्यांनी जवानांनाच विचारले आणि शक्य तितके पुढे जाण्याची तयारी सर्वांनी दाखवली. रात्रभर चालून ते सकाळी तिथे पोचले. अपाचींना पूर्वी जिथे सक्तीने ठेवले होते, त्याच तुलारोसाच्या वसाहतीसाठी बांधलेला आणि पुढे ओस पडलेला किल्ला त्यांनी डागडुजी करून लढण्याजोगा केला, भोवती लाकडी कुंपण उभारले आणि वस्तीतील बायकापोरांना आत घेतले. १४ मे च्या संध्याकाळी शंभराहून अधिक अपाचींनी हल्ला केला, तो या तुकडीने परतवून लावला. गुराढोरांवर राखणीला असलेले लोक बाहेर अडकले, तेव्हा जॉर्डन यांनी दहा जवान त्यांच्या मदतीला धाडले.

पुढल्या वर्षी, १२ ऑगस्ट १८८१ रोजी, कारिझो कॅन्यनमध्ये वृद्ध अपाची नायक नाना यांच्या टोळीशी गाठ पडली, तेव्हा १९ जणांच्या तुकडीची उजवी बाजू जॉर्डन यांच्याकडे होती. आडोसा नसलेल्या जागी ते टिकून राहिले, म्हणून तुकडीला वेढा पडला नाही. या दोन्ही कामगिऱ्यांसाठी त्यांना 'मेडल ऑफ ऑनर' हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले ते १८९० मध्ये.

तीस वर्षांच्या सेवेनंतर १८९७ मध्ये नेब्रास्कातील फोर्ट रॉबिन्सन येथून फर्स्ट सार्जंट म्हणून ते निवृत्त झाले आणि जवळच्या क्रॉफर्ड गावी जमीन घेऊन राहिले. १९०४ मध्ये ते गंभीर आजारी पडले. ते एकटेच राहत होते आणि शुश्रूषेला घरात कोणी नव्हते. फोर्ट रॉबिन्सनच्या लष्करी रुग्णालयाने त्यांना दाखल करून घेतले नाही. जागा नाही, वॉशिंग्टनच्या सैनिकगृहात जा, असे त्यांना सांगण्यात आले. वॉशिंग्टन तिथून निम्म्या खंडापलीकडे होते. २४ ऑक्टोबर १९०४ रोजी त्यांचे निधन झाले. योग्य देखभालीअभावी हा मृत्यू ओढवल्याचे छावणीच्या धर्मोपदेशकाने वरिष्ठांना लेखी कळवले. चौकशी झाली, पण कोणावरही ठपका ठेवण्यात आला नाही.