एम.२ साटा की एनव्हीएमई? पट्टी विकत घेण्याआधी स्लॉट बघा

सहा-सात वर्षं वापरलेला लॅपटॉप रखडायला लागला, की नौपाड्यातला काय किंवा वाशीतला काय, दुकानदार एकच सांगतो, "एसएसडी टाका, नवा घेऊ नका." एसएसडी म्हणजे फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी बसणारी, चिपवर डेटा साठवणारी डिस्क. सल्ला चांगला आहे. घोळ होतो तो घरी बसून ऑनलाइन स्वस्तातली एसएसडी मागवताना. च्युइंगगमच्या कांडीएवढ्या त्या हिरव्या-काळ्या पट्ट्या दोन जातींच्या असतात, एम.२ साटा आणि एम.२ एनव्हीएमई. दोन्हींची रुंदी २२ मिलिमीटर, लांबी बहुतेकदा ८०, म्हणून दोन्हींवर २२८० लिहिलेलं. स्क्रूही तोच.

'एम.२' हा फक्त आकार. आत डेटा कुठल्या वाटेने जातो ते त्यावरून कळत नाही. साटा पट्टी जुन्या हार्ड डिस्कच्याच वाटेने बोलते, त्यामुळे सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही. एनव्हीएमई पीसीआयई वाटेने जाते आणि तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर ३५०० एमबीपर्यंत पोचते.

पट्टीच्या सोनेरी दातांकडे नीट बघा. दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा, एकच असेल तर बहुधा एनव्हीएमई. 'बहुधा' म्हणतोय, कारण दोनच लेनच्या काही एनव्हीएमई पट्ट्यांनाही दोन खाचा असतात. खाचेवर विसंबू नका, लेबल वाचा.

खरी अडचण पुढे आहे. एम-की स्लॉटमध्ये, म्हणजे एका खाचेच्या पट्टीसाठी केलेल्या स्लॉटमध्ये, दोन्ही पट्ट्या नीट बसतात. पण त्या स्लॉटमागे बोर्डावर फक्त साटाची जोडणी असेल, तर एनव्हीएमई बसूनही बायॉसमध्ये (लॅपटॉप सुरू होताना विंडोजच्या आधी चालणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. उलटंही होतं. पट्टी सहसा जळत नाही, नुसती डिटेक्ट होत नाही; आणि सील तोडलेला माल दुकानदार परत घेईलच असं नाही. काही लॅपटॉपचा स्लॉट दोन्ही चालवतो, पण ते स्लॉटकडे बघून कळत नाही. कंपनीच्या साइटवरून आपल्या नेमक्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल काढा, त्यात लिहिलेलं असतं. आधीपासून एम.२ असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. 'इंटरफेस'पुढे सिरियल एटीए आलं तर साटा, एनव्हीएम एक्सप्रेस आलं तर एनव्हीएमई.

फार जुन्या लॅपटॉपला एम.२ स्लॉटच नसतो. त्याला अडीच इंची साटा एसएसडी घ्या आणि हा सगळा वाद विसरा.

वेगाच्या आकड्यांना मात्र भुलू नका. फिरत्या हार्ड डिस्कवरून साध्या साटावर आलात तरी विंडोज उघडण्यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. साटावरून एनव्हीएमईवर जाण्याचा फायदा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्याला किंवा मोठ्या फायली हलवणाऱ्याला जाणवेल. टॅली, एक्सेल आणि झूमवाल्याला जवळजवळ नाही. स्लॉट दोन्ही घेत असेल आणि किंमत सारखीच असेल तर एनव्हीएमई घ्या, एरवी जे चालतं ते. लॅपटॉपला विंडोज ११ चालणार नसेल तर आधी त्याचा विचार करा, कारण विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

जुनी पट्टी फेकू नका. एन्क्लोजरमध्ये, म्हणजे यूएसबीला जोडायच्या छोट्या डबीत, घातली की मोठा पेनड्राइव्हच होतो. तेवढं एन्क्लोजर घेताना मात्र परत तेच विचारा, साटाचं की एनव्हीएमईचं. दोन्ही चालवणारं थोडं महाग पडतं.