मीटरवरचा लुकलुकता दिवा

भाड्याच्या घरात विजेचं बिल येतं मालकाच्या नावावर आणि भरतो भाडेकरू. त्यामुळे दोन हजारांच्या आसपास रेंगाळणारा आकडा एखाद्या महिन्यात सहा हजारांवर गेला की पहिला संशय मालकावर जातो, दुसरा शेजाऱ्यावर आणि तिसरा कंपनीवर. जिन्याखालच्या मीटररूममध्ये डोकवायला मात्र कुणी जात नाही. या तिघांपैकी कुणाशी भांडायचं, की कुणाशीच नाही, हे तिथला मीटर बऱ्यापैकी सांगू शकतो. कुलाब्यापासून शीव-माहीमपर्यंत बेस्टची वीज असो, उपनगरांत अदानी-टाटाची असो, नाहीतर मुलुंड-भांडुपला महावितरणची. मोजायचं शास्त्र एकच.

खाली उतरण्याआधी बिल नीट वाचा. रीडिंग प्रत्यक्ष घेतलंय की सरासरीवर काढलंय? मार्च २०२० च्या शेवटी टाळेबंदी लागली आणि घरोघरी जाऊन रीडिंग घेणं थांबलं. मग आधीच्या डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सरासरीवर बिलं निघाली. म्हणजे हिवाळ्याचा आकडा, आणि प्रत्यक्षात सगळं कुटुंब भर उन्हाळ्यात घरात कोंडलेलं. जूनमध्ये खरं रीडिंग झालं तेव्हा साठलेला सगळा फरक एकदम अंगावर आला आणि मुंबईभर ओरड झाली. असा साठलेला फरक कधीही येऊ शकतो. तेव्हा एकच तपासायचं: तीन महिन्यांचे युनिट एका बिलात आले असतील तर दराचे टप्पेही तिप्पट धरलेत ना? ९०० युनिट एका महिन्याचे मानले तर त्यातले ४०० युनिट ५०० च्या वरच्या महागड्या टप्प्यात जातात, तीन महिन्यांत वाटले तर महिन्याला ३०० च्या आतच राहतात.

आता मीटर. त्याच्यावर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकणार ते छापलेलं असतं. बऱ्याच मीटरवर हा आकडा ३२०० असतो. एक युनिट म्हणजे १००० वॅटचं उपकरण तासभर चालवायला लागणारी ऊर्जा, ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीला ११२५ ज्यूल येतात. म्हणून ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणी घरात किती वॅट चालू आहेत ते कळतं. १५ सेकंदांनी एकदा लुकलुकला तर ७५ वॅट, म्हणजे जेमतेम एक जुना पंखा. सेकंदाला एकदा लुकलुकला तर वर एसी नाहीतर इस्त्री चालू आहे. मोबाइलचं घड्याळ पुरतं, वायरला हात लावावा लागत नाही.

पहिला प्रयोग घरातला मेन स्विच बंद करून. एकाने वर स्विच पाडायचा, दुसऱ्याने खाली पाच मिनिटं दिव्याकडे बघत उभं राहायचं. दिवा गप्प बसला तर मीटरपासून घरापर्यंतच्या वायरिंगवर संशय घेण्याचं कारण बरंचसं संपलं. लुकलुकत राहिला तर मामला रंजक आहे.

वीज फेजच्या वायरने घरात येते आणि न्यूट्रलने परत जाते. दोन्हींतला प्रवाह सारखाच असायला हवा. वीजचोरी पकडता यावी म्हणून आपल्याकडचे इलेक्ट्रॉनिक मीटर दोन्ही वायरींतला प्रवाह मोजतात आणि जो जास्त असेल तो हिशेबात धरतात. चोराला अडवायला केलेली ही सोय कधीकधी निरपराध भाडेकरूला महागात पडते. जुन्या इमारतीत तीस वर्षांत दहा वायरमन येऊन गेलेले असतात. त्यातल्या एखाद्याने नूतनीकरणाच्या घाईत शेजारच्या खोलीचा किंवा पॅसेजच्या दिव्यांचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलला जोडला, तर त्यांचा परतीचा प्रवाह तुमच्या मीटरमधून जातो. मीटर तो इमानदारीने तुमच्या खात्यावर चढवतो. असा फक्त २ अँपिअरचा जादा प्रवाह रात्रीचे आठ तास वाहिला तरी साडेतीन युनिटच्या वर जातात, महिन्याला शंभराहून जास्त. कित्येक मीटरवर दोन वायरींतला फरक दाखवणारा वेगळा दिवाही असतो. तो सतत पेटलेला दिसला की परवाना असलेल्या वायरमनला बोलवा. हे काम स्वतः करायचं नाही. उलट बाजूला, गीझरच्या कॉइलमधून जमिनीत झिरपणाऱ्या करंटला लोक बिलासाठी जितका दोष देतात तितका तो नसतो. सुरक्षेचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, पडतो तो ३० मिलिअँपिअरला, आणि तेवढी गळती महिनाभर अखंड चालली तरी पाचच युनिट होतात. बिलासाठी नव्हे, जिवासाठी ती दुरुस्त करायची.

मेन बंद केल्यावर दिवा गप्प राहिला, तर चोर घरातच आहे आणि बहुतेक वेळा तो उष्णतेशी खेळणारा असतो. मोबाइलच्या चार्जरवर संशय घेण्यात वेळ घालवू नका.

मुंबईत पहिलं नाव एसीचं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला की तासाला सव्वापाच युनिटइतकी उष्णता खोलीतून काढतो आणि त्यासाठी दीडेक युनिट वीज घेतो. पण ही सगळी मेहनत हवा गार करण्यात जात नाही. मेमध्ये नागपूरचा पारा मुंबईच्या कितीतरी वर असतो, तरी तिथे कूलरने भागतं, कारण हवा कोरडी. आपल्याकडे हवेत आधीच इतकं बाष्प असतं की कूलर निरुपयोगी ठरतो, आणि एसीला गारव्याबरोबर हवा सुकवण्याचंही काम पडतं. बाष्पाचं एक लिटर पाणी करायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. विजेत ते ०.२ युनिटच्या आसपास पडतं. एसीच्या पाइपाखाली रात्रभर बादली ठेवून पाहा. दहा लिटर जमलं तर दोन युनिट निव्वळ हवा पिळण्यात गेले. खालच्या मजल्यावरच्या काकू ज्या ठिबकण्यावरून भांडतात, ते बिलाचंच पाणी.

म्हणूनच इथे सरकत्या खिडकीची फट आणि दाराखालची जागा बुजवणं हे तापमान कमी-जास्त करण्याइतकंच महत्त्वाचं. फटीतून नुसती गरम नव्हे, दमट हवा आत येते आणि ती पुन्हा पिळावी लागते. १ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंगचे एसी मुळात २४ अंशांवर लावलेले येतात. तापमान एक अंश वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगतं. १८ वर लावल्याने साधा एसी लवकर गार करत नाही, फक्त थांबत नाही. आणि भाड्याच्या घरातला फिल्टर शेवटचा कुणी धुतला, हे सहसा कुणालाच आठवत नाही.

गीझरचं गणित सोपं. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला एक युनिट लागतो. दिवसभर चालू ठेवला तर टाकीतून निसटणारी उष्णता भरून काढायला वेगळी वीज जाते. सेट-टॉप बॉक्स दहा वॅट खात असेल तर महिन्याला सात युनिट. वाईट, पण सहा हजारांचं बिल त्याच्या बळावर होत नाही.

टप्प्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ३०० ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात असं नाही. ३२० झाले तर वरचे २० च पुढच्या दराने लागतात. पण याचा अर्थ असाही की वाचवलेला युनिट नेहमी सर्वांत महाग टप्प्यातूनच कमी होतो, आणि त्यावरचं १६ टक्के वीज शुल्कही त्याच्याबरोबर जातं.

खरा तिढा निराळाच आहे. एसी, फ्रिज, पंखे मालकाने घेतलेले, स्वस्तातले किंवा जुने. वीज भाडेकरूच्या खिशातून. बदलायचं कारण मालकाला नाही आणि अकरा महिन्यांच्या करारात नवा फ्रिज घेणं भाडेकरूला परवडत नाही. माझ्या मते दिव्याची मोजणी इथेच सर्वांत कामाला येते. फक्त फ्रिज चालू ठेवून त्याचे वॅट मोजले आणि कॉम्प्रेसर कधी थांबतच नाही हे दाखवलं, तर बोलणी ‘बिल जास्त येतं हो’ यापेक्षा पुढे सरकतात. पंख्यांचं तर सोपं आहे: ७५ वॅटचे काढून ३० वॅटच्या आसपासचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) बसवा, जाताना जुने पुन्हा टांगा.

घरात काही सापडलं नाही तर मीटर तपासणीचा अर्ज करा. त्याने समाधान झालं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल. वाद चालू असताना कनेक्शन तुटण्याची धास्ती असेल, तर वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांची सरासरी, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. बिल मालकाच्या नावावर असल्याने अर्जावर त्याची सही लागण्याची शक्यता धरून चला. आणि चावी घेतल्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो करारासोबत ठेवलेला असेल, तर आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या माथी येणार नाहीत.