साडेसात मिलिमीटरचा चढ

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या मोटरसायकलच्या साइड स्टँडचा पाय झिजून इतका तोकडा झाला होता की गाडी लावल्यावर दोनदा मागे वळून बघितल्याशिवाय जिना चढवत नसे. नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्याने पायाखाली 12 मिलिमीटर जाडीची पट्टी जोडली, कडा ग्राइंडरने घासल्या, वर काळा रंगही मारला. “बघा साहेब, आता कशी ताठ उभी राहते!” खरोखरच ताठ उभी राहिली, आणि त्या ताठपणाचंच मला कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, विक्रोळीच्या कन्नमवारनगरात, आमच्या इमारतीखाली एका पोराच्या सायकलचं हँडल तिला जाता जाता लागलं आणि गाडी आडवी झाली. उभी होती डावीकडे झुकून, पडली उजवीकडे. थेट तळमजल्यावरच्या काकूंच्या स्कूटरवर. स्कूटरचा आरसा गेला, इंडिकेटर गेला, आणि पुढचे आठ दिवस काकू समोरून आल्या की मी मोबाइल कानाला लावत होतो.

पण प्रश्न डोक्यात राहिला. डावीकडे झुकलेली वस्तू उजवीकडे का पडावी?

साइड स्टँडवरची गाडी म्हणजे तीन पायांचं स्टूल. पुढचं चाक, मागचं चाक आणि स्टँडचा पाय हे तिचे तीन पाय. फरक एवढाच की हा त्रिकोण लांबुळका आणि अरुंद आहे. दोन चाकांत सव्वा मीटरच्या आसपास अंतर, आणि चाकांच्या रेषेपासून स्टँडचा पाय जेमतेम फूटभर बाहेर. गवंडी भिंतीला लावतो तसा ओळंबा गाडीच्या गुरुत्वमध्यातून, म्हणजे तिचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं त्या बिंदूतून, खाली सोडला असं समजा. ओळंब्याचं टोक या त्रिकोणाच्या आत आहे तोवर गाडी उभी, बाहेर गेलं की जमिनीवर.

ढोबळ आकडे घेऊ. गाडी पेट्रोलसकट 150 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, झुकाव 10 अंश, आणि स्टँडचा पाय चाकांच्या रेषेपासून 28 सेंटिमीटर दूर. ओळंबा चाकांच्या रेषेच्या डावीकडे पावणेनऊ सेंटिमीटरवर पडतो. म्हणजे स्टँडपर्यंत अजून एकोणीस सेंटिमीटर जागा आहे. आपल्याला वाटतं गाडी डावीकडे कलली आहे म्हणजे धोका डावीकडे. जागा बघितली तर उलटं आहे.

याहून नेमकं उत्तर उंचीत मिळतं. उभी वस्तू पडण्याआधी तिला थोडं वर चढावं लागतं. खुर्ची मागच्या दोन पायांवर कलंडवून बघा, आधी आपण स्वतःच किंचित वर उचलले जातो. तशीच ही गाडी. उजवीकडे पडायचं तर तिला आधी सरळ उभं राहावं लागतं आणि त्यात गुरुत्वमध्य वर सरकतो. किती? वरच्या आकड्यांनी फक्त साडेसात मिलिमीटर. डावीकडे, स्टँडवरून उलटायचं तर मात्र साडेतीन सेंटिमीटर. स्टँडच्या बाजूला जो चढ आहे, त्याच्या जेमतेम एक पंचमांश चढ उजवीकडे आहे.

आता वेल्डिंगवाल्याची पट्टी. 12 मिलिमीटर जाडीमुळे गाडी दोन अंशांहून थोडी जास्त सरळ झाली. त्यात आमच्या आवारातली फरसबंदी गटाराकडे उतरती, मीटरला तीनेक सेंटिमीटर, आणि गटार माझ्या उजव्या हाताला. आणखी पावणेदोन अंश गेले. उरले सहा. दहाचे सहा झाले म्हणजे थोडंसंच कमी झालं असं वाटतं, पण इथे मेख आहे. कोन निम्मा केला तर चढ निम्मा होत नाही, पाव होतो, कारण लहान कोनांना तो कोनाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. सहा अंशांना चढ उरतो पावणेतीन मिलिमीटर. रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली तर होते तेवढीसुद्धा उंची नाही. दीडशे किलोची गाडी उलटी व्हायला एवढंच पुरतं. पोराची सायकल तर फार झाली, भरलेल्या दप्तराचा धक्काही चालला असता.

त्यामुळे “ताठ उभी राहते” ही साइड स्टँडची तारीफ नाही, तक्रार आहे. स्टेशनाबाहेर गाड्या एकीला एक चिकटून लावलेल्या असतात, तिथे एक पडली की पुढच्या चार-पाच माळेसारख्या जातात. बघितलंत तर ती माळ बहुतेक वेळा उजवीकडेच कोसळलेली दिसेल.

स्टँड बदलायचं ठरलं तेव्हा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलो. जुन्या-नव्या सुट्या भागांच्या दुकानांची ती रांग मुंबईत गाडी असलेल्या बहुतेकांना एकदा तरी भेटतेच. दुकानदाराने दोरीला टांगलेल्या घोसातून एक स्टँड काढून काउंटरवर आपटला. “सब में बैठता है, साब.” मी पिशवीतून जुना स्टँड काढून त्याच्याशेजारी ठेवला, बोल्टची भोकं जुळवली. नवा जुन्यापेक्षा पंधरा मिलिमीटरने लांब. म्हणजे वेल्डिंगवाल्याच्या पट्टीचाच थोरला भाऊ. भोक मात्र अगदी बरोबर बसत होतं, आणि बहुतेक लोक तेवढंच बघतात. तिसऱ्या दुकानात जुळणारा मिळाला.

तरी मापाला माप जुळलं म्हणजे झालं असंही नाही. मागचे शॉकअब्सॉर्बर म्हातारे होऊन बसले असतील तर गाडीच खाली आलेली असते, आणि मूळ लांबीचा स्टँडसुद्धा तिला लांब पडतो. जास्त जाडीचे टायर घातले असतील तर गाडी उंचावते आणि तोच स्टँड तोकडा पडतो. 2020 नंतरच्या अनेक गाड्यांमध्ये स्टँड खाली असताना इंजिन बंद पाडणारा स्विच असतो. तो कुठे स्टँडच्या वरच्या टोकावरच्या उंचवट्याने दाबला जातो, तर कुठे स्टँडमध्ये बसवलेल्या चुंबकाने चालतो. बाजारातला “सगळ्यांना बसणारा” स्टँड घातला आणि गाडी गिअरमध्ये टाकली की बंद पडू लागली, तर इंजिन उघडायच्या आधी तिथे बघावं. हा स्विच उगाच दिलेला नाही. स्टँड खाली राहिला आणि डाव्या वळणावर गाडी कलली, की त्याचा पाय रस्त्याला टेकतो. नशीब असेल तर तो मागे दुमडतो. नसेल तर मागचं चाक उचललं जातं.

झिजण्याची गोष्ट राहिली. स्टँडला वर दोन कान असतात, त्यांच्यामध्ये फ्रेमचा लोखंडी तुकडा आणि तिन्हींतून आरपार एक बोल्ट. दोन कानांत अंतर असतं दहा-बारा मिलिमीटर, खालचा पाय पाऊण फुटापेक्षा लांब. भोकात अर्ध्या मिलिमीटरचा खेळ आला तर खालचं टोक तेरा-चौदा मिलिमीटर हलतं. माझ्या जुन्या बोल्टवर, कान जिथे घासतो तिथे, नखाने लागेल अशी एक खाच पडली होती. उंदराने कुरतडल्यासारखी, एकाच बाजूला. तिच्यात तांबूस-काळा चिखल भरला होता, म्हणजे गंज, धूळ आणि कधी काळचं ग्रीस. आमच्याकडे खाडीवरून येणारी हवा खारट असते. मिठातले क्लोराइड आयन गंजाला भारी मदत करतात. पावसाचं पाणी आत शिरतं, लोखंड गंजतं, स्टँड फिरवला की तो गंज घासून निघतो आणि खाली ताजं लोखंड पुन्हा गंजायला मोकळं. दिवसाला दहा वेळा हे चक्र.

यावर उपाय ग्रीस. ग्रीस म्हणजे तेल आणि साबण, अगदी शब्दशः. लिथियमच्या साबणाच्या बारीक तंतूंमध्ये तेल धरून ठेवलेलं असतं, स्पंजमध्ये पाणी असावं तसं. घासलं की तेवढंच तेल सुटतं. पण बोटाने भसाभस थापू नये. बाहेर आलेल्या ग्रीसला रस्त्यावरची वाळू चिकटते आणि तेच मिश्रण मग पॉलिश पेपरचं काम करतं.

बसवायला आमचे मेकॅनिक काका आणि मी. गाडी डबल स्टँडवर घेतली, पुढचा ब्रेक जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधला. बोल्ट आवळताना मी जोर लावला तर काकांनी हात धरला. “अहो, तो खिळा नाही, बिजागरी आहे. फिरला पाहिजे.” बोल्ट स्टँड मोकळा फिरेल इतपतच कसायचा, आणि मग मागून लॉक नट घट्ट करायचं. बोल्टनेच कान आवळून धरले तर प्रत्येक वेळी स्टँड फिरताना बोल्टलाही ओढत नेतो, आणि महिन्याभरात तो कुठेतरी पूर्व द्रुतगती मार्गावर सांडलेला असतो.

खरी मजा स्प्रिंगमध्ये. स्टँड वरही टिकतो आणि खालीही टिकतो, मध्ये कुठेच टिकत नाही. मुलींच्या केसांतल्या टिकटॉक पिनेसारखाच हा प्रकार. स्प्रिंगचं एक टोक फ्रेमला, दुसरं स्टँडला. स्टँड वर असताना स्प्रिंगची रेषा बोल्टच्या एका बाजूने जाते, खाली असताना दुसऱ्या बाजूने. मधल्या स्थितीत ती सगळ्यात जास्त ताणलेली असते, म्हणून ती तिथे थांबायला तयार नसते, जवळच्या बाजूला पळते. पायाला लागणारा तो “खटक” म्हणजे ही रेषा बोल्ट ओलांडते तो क्षण. पुष्कळ गाड्यांत मोठ्या स्प्रिंगच्या पोटात दुसरी छोटी असते. एकीचा हूक तुटला तरी दुसरी स्टँडला लोंबू देत नाही. आणि तुटतो तो हूकच, कारण वळणावर ताण साठतो.

गाडीचं वजन उचलण्यात मात्र स्प्रिंगचा काही वाटा नाही. उघडलेला स्टँड उभ्या रेषेच्या थोडा पुढे जाऊन लोखंडी अडणीला टेकतो. गाडीचं वजन त्याला अडणीवर आणखी दाबतं. म्हणून उतारावर तोंड करून लावलेली गाडी पुढे सरकली की स्टँड मागे दुमडतो आणि गाडी पडते. चढाकडे तोंड, पहिला गिअर, मग बिनधास्त.

ही स्प्रिंग चढवणं हे हाताने होणारं काम नाही. रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडलेला नियम इथे बोटांना कळतो. जितका ताण, तितकं बळ. मिलिमीटरला एक किलोच्या जवळपास ओढ असलेली स्प्रिंग 30 मिलिमीटर ताणली तर 30 किलोचं बळ परत ओढतं. हातातून निसटली तर तिच्यात साठलेली ऊर्जा साडेचार ज्यूल. साठ ग्रॅमची स्प्रिंग त्या ऊर्जेने ताशी चाळीस किलोमीटरच्या वर उडू शकते, आणि आपलं तोंड असतं फूटभरावर. काका पक्कडला हात लावत नाहीत. त्यांनी स्प्रिंग शिकंजात धरून एका बाजूला वाकवली, उघडलेल्या वेढ्यांच्या फटींत रुपयाची नाणी सरकवली, मग दुसऱ्या बाजूला वाकवून तिकडे नाणी. एक नाणं साधारण दीड मिलिमीटर. वीस रुपयांत स्प्रिंग 30 मिलिमीटर लांब झाली आणि निमूट हुकात जाऊन बसली. स्टँड एकदा खाली ओढला तसे वेढे आणखी उघडले आणि नाणी खळखळ जमिनीवर पडली. माझ्या मते हूकच्या नियमाचा याहून देखणा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही होत नाही.

राहता राहिला पायाखालचा रस्ता. आपल्या हिशोबातल्या गाडीचं 46 किलोच्या आसपास वजन त्या एका पायावर येतं. पाय चार बाय चार सेंटिमीटरचा धरला तर दर चौरस सेंटिमीटरला तीन किलो. टायर जमिनीला साधारण आपल्या हवेच्या दाबाइतकंच दाबतो, म्हणजे दोन किलो. फरक तसा फार मोठा नाही. पण पाय सपाट कधीच टेकत नाही, कडेवर टेकतो. आणि डांबर घाईच्या भाराला दगड असतं, निवांत भाराला काकवी. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 मध्ये डांबराचाच भाऊबंद असलेला पिच नरसाळ्यात ओतून ठेवला. हातोडीने फुटणारा तो पदार्थ 1930 मध्ये नरसाळ्याचं तोंड कापून मोकळं केल्यापासून थेंबाथेंबाने गळतो आहे. नववा थेंब 2014 मध्ये सुटला. मे महिन्यातल्या दुपारी तापलेल्या डांबरावर तुमचा स्टँड काही दशकं वाट बघत नाही, ऑफिस सुटेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. पावसातल्या मातीत तर विचारायलाच नको. पंधरा बाय पंधरा सेंटिमीटरचा फरशीचा तुकडा खाली सरकवला तर तेच 46 किलो चौदापट जागेवर पसरतात. माझ्या सीटखाली आता तसा एक तुकडा असतो.

काम झाल्यावर मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप मागच्या चाकाच्या रिमला टेकवून बघितलं. साडेदहा अंश. डाव्या बाजूने सीटला हळूच ढकललं, गाडी थोडी उठली आणि परत स्टँडवर येऊन बसली. वीसपैकी एकोणीस नाणी सापडली.

काकू स्कूटर आता माझ्या गाडीच्या डावीकडे लावतात. चढाचा हिशोब त्यांना मी सांगितलेला नाही.